निवडक मुलांची शाळा की सगळ्यांची शाळा? इंग्लंडच्या ‘इलेव्हन प्लस’चा धडा

पाचवीत शिकणारी लाखो मुले दरवर्षी जवाहर नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला बसतात. दोन तासांचा पेपर, ८० प्रश्न, १०० गुण. एका विद्यालयात सहावीच्या जागा जास्तीत जास्त ८०. निकाल लागला की निवड झालेल्या मुलांचे फोटो वस्तीतल्या ग्रुपवर फिरतात, विहारात सत्कार होतो. मुलाने आणि त्याच्या आईबापाने कष्ट घेतलेले असतात, तेव्हा कौतुक व्हायलाच हवे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात आणखी २८ नवोदय विद्यालयांना मंजुरी दिली. त्या निर्णयाला विरोध करण्याचेही काही कारण नाही.

पण या सगळ्या आनंदात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. ज्यांची निवड झाली नाही, ती मुले दुसऱ्या दिवशी कोणत्या शाळेत जातात? तिथे गणिताला शिक्षक आहे का? सरकारने परीक्षा घेऊन थोड्या मुलांसाठी उत्तम शाळा चालवाव्यात, की प्रत्येक शाळाच अशी करावी की निवडीची गरज उरू नये?

हा वाद आपल्याकडे अर्धवट सुटलेला आहे. इंग्लंडमध्ये मात्र तो १९४४ पासून पुढची तीस-पस्तीस वर्षे गाजला आणि बहुतेक भागात निकाली निघाला. तिथे काय घडले, काय साधले आणि काय हातून निसटले, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्यांनी केलेल्या चुका आपण आज नव्याने करत आहोत.

मुलांचे तीन प्रकार

१९४४ च्या शिक्षण कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत केले. शिक्षणमंत्री आर. ए. बटलर यांच्या नावाने हा कायदा ओळखला जातो. त्याआधी ग्रामर स्कूलमध्ये अनेकांना फी भरावी लागे, गरिबांसाठी काही मोफत जागा असत. त्यामुळे हा कायदा मोठे पाऊल होते, यात शंका नाही.

पण सर्वांना माध्यमिक शिक्षण म्हणजे सर्वांना सारखे शिक्षण, असे ठरले नाही. कायदा येण्याच्या एक वर्ष आधी नॉरवुड समितीने अहवाल दिला होता. मुलांची मने तीन प्रकारची असतात, असे त्यात म्हटले होते: पुस्तकी ज्ञानात रमणारी, यंत्र-तंत्रात रमणारी, आणि कल्पनांपेक्षा प्रत्यक्ष वस्तू बऱ्या समजणारी. मग शाळाही तीन प्रकारच्या ठरल्या. पहिल्यांसाठी ग्रामर स्कूल, दुसऱ्यांसाठी टेक्निकल स्कूल, उरलेल्यांसाठी सेकंडरी मॉडर्न. टेक्निकल शाळा फारशा निघाल्याच नाहीत. प्रत्यक्षात दोनच दारे राहिली.

कोणी कोणत्या दारातून जायचे, हे प्राथमिक शाळेच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेवर ठरे. मुलाचे वय तेव्हा दहा-अकरा वर्षे. म्हणून तिचे नाव ‘इलेव्हन प्लस’. साधारण पाचापैकी एक ते चारांपैकी एक मूल ग्रामर स्कूलमध्ये जाई. बाकीची बहुतेक मुले सेकंडरी मॉडर्नमध्ये जात आणि पंधराव्या वर्षी कोणतेही प्रमाणपत्र हाती न घेता कामाला लागत. विद्यापीठाची वाट ग्रामर स्कूलमधूनच जाई.

माणसे उपजतच ठरावीक प्रकारची असतात, आणि ज्याच्या त्याच्या प्रकारानुसार त्याचे शिक्षण आणि काम ठरते, हा युक्तिवाद आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे तो धर्माच्या नावाने आला, तिकडे मानसशास्त्राच्या नावाने. बुद्धिमत्ता मुख्यतः आनुवंशिक असते आणि ती लहान वयात मोजता येते, या मताचे मोठे पुरस्कर्ते सिरिल बर्ट हे होते. बुद्धिमापनाच्या क्षेत्रात त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. १९७१ मध्ये ते वारले. त्यानंतर काही वर्षांतच जुळ्या भावंडांवरील त्यांच्या अभ्यासाच्या आकडेवारीवर गंभीर शंका घेतल्या गेल्या आणि तो पुरावा म्हणून वापरणे बंद झाले. तोवर लक्षावधी मुलांचे आयुष्य एका वळणावर लागून गेले होते.

परीक्षा नेमके काय मोजत होती?

परीक्षा सर्वांना एकच, पेपर तपासणारा मुलाचे नाव-गाव पाहत नाही, मग अन्याय कुठे आहे? असा प्रश्न तिकडेही विचारला गेला. उत्तर हळूहळू पुढे आले.

पहिली गोष्ट, जागा. कोणत्या भागात किती ग्रामर स्कूल आधीपासून होती, यावर उत्तीर्ण होण्याची रेषा ठरे. एका काउंटीत दहातली एखाददुसरी मुले निवडली जात, तर वेल्सच्या काही भागांत जवळपास निम्मी किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे तेवढ्याच गुणांवर एका गावचे मूल ‘हुशार’ ठरे आणि दुसऱ्या गावचे ‘सामान्य’.

दुसरी गोष्ट, मुली. या वयात मुलींना अनेकदा जास्त गुण पडत. पण मुलींसाठीच्या ग्रामर स्कूलमध्ये जागा कमी असत, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी मुलींना मुलांपेक्षा वरची रेषा गाठावी लागे. बर्मिंगहॅम शहरात हा प्रकार चालू राहिला आणि अखेर १९८९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो बेकायदा भेदभाव ठरवला.

तिसरी गोष्ट, शिकवणी. परीक्षा उपजत बुद्धी मोजते, असा दावा होता. पण सराव करून घेतला की गुण वाढतात, हे मानसशास्त्रज्ञांनीच दाखवून दिले. ज्या घरात पुस्तके होती, शांत खोली होती, शिकवणीला पैसे होते, त्या घरातले मूल पुढे गेले. १९५७ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन संस्थेच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. उपलब्ध असलेली उत्तमातली उत्तम पद्धत वापरली तरी सुमारे दहा टक्के मुले चुकीच्या शाळेत पडतात. दहा टक्के म्हणजे दरवर्षी हजारो मुले.

आणि सर्वात बोलका पुरावा खुद्द ‘नापास’ मुलांनी दिला. १९५१ मध्ये शालान्त स्तरावर ‘ओ लेव्हल’ ही विषयवार परीक्षा सुरू झाली. काही सेकंडरी मॉडर्न शाळांच्या मुख्याध्यापकांनी आपली मुले त्या परीक्षेला बसवली. अकराव्या वर्षी ज्यांना पुस्तकी शिक्षण झेपणार नाही असे सांगितले होते, त्यातली बरीच सोळाव्या वर्षी उत्तीर्ण झाली. भाकीत खोटे ठरले.

बदल कोणी घडवला

सर्व मुलांना एकाच माध्यमिक शाळेत घेणाऱ्या शाळेला तिकडे ‘काँप्रिहेन्सिव्ह’ म्हणतात. वेल्समधल्या अँगलसी बेटावर १९४९ पासून अशी शाळा सुरू झाली. लंडनमध्ये १९५४ साली किडब्रुक ही मुद्दाम या हेतूने बांधलेली शाळा उघडली. लेस्टरशर काउंटीने १९५७ पासून आपली वेगळी योजना राबवली. म्हणजे केंद्रातून आदेश येण्याआधी काही स्थानिक शिक्षण मंडळांनी हे काम सुरू केले होते.

जुलै १९६५ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारचे शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी ‘परिपत्रक १०/६५’ काढले. त्यात स्थानिक मंडळांना काँप्रिहेन्सिव्ह पद्धतीच्या योजना सादर करण्याची विनंती केली होती. सक्ती नव्हती, विनंती होती. तरीही बहुतेक मंडळे तयार झाली. पुढे १९७० मध्ये हुजूर पक्ष सत्तेत आला आणि शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांनी ते परिपत्रक मागे घेतले. पण त्यांच्याच चार वर्षांच्या काळात जितक्या शाळांना काँप्रिहेन्सिव्ह होण्यास मंजुरी मिळाली, तितकी दुसऱ्या कोणत्याही शिक्षणमंत्र्याच्या काळात मिळाली नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी शाळांतील बहुसंख्य मुले काँप्रिहेन्सिव्ह शाळेत शिकत होती.

विरोधी विचारांच्या मंत्र्याच्या हातूनही हे का घडले? कारण मागणी खालून आली होती. युद्धानंतर जन्मदर वाढला, मध्यमवर्ग वाढला, ग्रामर स्कूलच्या जागा मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. डॉक्टर, कारकून, दुकानदार यांची मुलेही नापास होऊन सेकंडरी मॉडर्नमध्ये जाऊ लागली. गरिबांच्या मुलांवर शिक्का बसत होता तोवर व्यवस्था शांत होती. शिक्का सुखवस्तू घरांपर्यंत पोचला, तेव्हा पालक सभांमध्ये बोलू लागले आणि नगरसेवकांना ऐकावे लागले. हे कटू आहे, पण खरे आहे. सगळ्यांची शाळा तेव्हाच सुधारते, जेव्हा बोलू शकणाऱ्यांची मुले तिथे असतात.

गरीब हुशार मुलाची शिडी काढून घेतली का?

या बदलावर आजही एक आक्षेप घेतला जातो. ग्रामर स्कूलमुळे कामगारांची हुशार मुले वर आली, ती शिडीच तोडली, असे म्हणतात. हा आक्षेप टाकाऊ नाही. खाणकामगारांची, गिरणी कामगारांची कितीतरी मुले ग्रामर स्कूलमधून विद्यापीठात गेली आणि मोठी झाली.

पण हिशेब वर आलेल्यांचाच मांडून चालत नाही, मागे राहिलेल्यांचाही मांडावा लागतो. व्हिकी बोलिव्हर आणि अ‍ॅडम स्विफ्ट या अभ्यासकांनी १९५८ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या माहितीवरून तो मांडला. ही मुले शाळेत होती तेव्हा काही भागांत जुनी आणि काही भागांत नवी पद्धत होती, त्यामुळे तुलना करता आली. ग्रामर आणि सेकंडरी मॉडर्न दोन्ही एकत्र धरले, तर जुन्या पद्धतीने गरीब मुलांना वर येण्यात काही जास्तीचा फायदा झाला नव्हता, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले. काहींना मिळालेला लाभ बाकीच्यांच्या तोट्याने फिटला होता. शिवाय युद्धानंतरच्या काळात कार्यालयीन आणि व्यावसायिक नोकऱ्याच वाढल्या होत्या. लोक वर आले त्याचे बरेचसे श्रेय त्या वाढलेल्या जागांना आहे.

आज इंग्लंडमध्ये १६३ ग्रामर स्कूल उरली आहेत. केंट, बकिंगहॅमशर, लिंकनशर यांसारख्या भागांत अजून निवड चालते. २०१६ मध्ये तिथे मोफत जेवणास पात्र असलेल्या, म्हणजे गरीब घरांतील, मुलांचे प्रमाण ३ टक्क्यांहून कमी होते. सर्व सरकारी माध्यमिक शाळांत ते सुमारे १४ टक्के होते. गरिबांची शिडी म्हणून जिचे कौतुक होते, तिच्यावर गरीब मूल क्वचितच दिसते. त्याच वर्षी पंतप्रधान थेरेसा मे यांनी नवी ग्रामर स्कूल काढण्याचा प्रस्ताव आणला. २०१७ च्या निवडणुकीत बहुमत गेल्यावर तो सोडून द्यावा लागला.

परीक्षा गेली, निवड राहिली

इंग्लंडमध्ये सगळे आलबेल झाले, असे मात्र नाही. परीक्षा रद्द केली की निवड आपोआप थांबते, या समजुतीला तिथे तडा गेला.

खासगी शाळांना हात लावला गेला नाही. सरकारी अनुदान घेणाऱ्या अनेक नामांकित निवडक शाळांनी १९७० च्या दशकात काँप्रिहेन्सिव्ह होण्याऐवजी अनुदान सोडले आणि त्या पूर्ण खासगी झाल्या. पुढे पालकांना शाळा निवडण्याचा अधिकार आणि शाळांच्या निकालांच्या क्रमवाऱ्या आल्या. चांगल्या शाळेच्या परिसरातील घरांचे भाव चढले. आधी गुण पाहून प्रवेश मिळे, आता पत्ता पाहून मिळू लागला. आणि बऱ्याच शाळांनी आत मुलांच्या गुणवार तुकड्या पाडल्या. ‘अ’ तुकडी हुशारांची, ‘ड’ तुकडी ‘ढ’ मुलांची, हे चित्र आपल्यालाही परके नाही. आता तर सेमी-इंग्रजीची तुकडी वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी. एका छताखाली दोन शाळा.

उत्तर आयर्लंडचे उदाहरण तर अधिक सावध करणारे आहे. तिथे सरकारी इलेव्हन प्लस २००८ मध्ये शेवटची झाली. पण निवडक शाळा तशाच राहिल्या. मग त्या शाळांनी स्वतःच्या परीक्षा सुरू केल्या आणि निवड पूर्वीसारखी चालू राहिली.

फिनलंडने हेच काम जास्त विचारपूर्वक केले. तिथेही दहा-अकराव्या वर्षी मुलांच्या वाटा वेगळ्या होत. १९६८ मध्ये नऊ वर्षांच्या समान शाळेचा कायदा झाला. अंमलबजावणी १९७२ मध्ये लॅपलँड या सर्वात दूरच्या, मागास प्रदेशापासून सुरू केली आणि १९७७ पर्यंत राजधानी हेलसिंकीच्या भागात आणली. म्हणजे ज्यांना सर्वात कमी मिळत होते, त्यांना सर्वात आधी मिळाले. बहुतेक खासगी ग्रामर शाळा नगरपालिकांच्या व्यवस्थेत आणल्या. शिक्षकांचे प्रशिक्षण विद्यापीठांकडे दिले आणि प्राथमिक शिक्षकालाही पदव्युत्तर पदवी आवश्यक केली. गणित आणि भाषांमधील गुणवार गट १९८५ मध्ये बंद केले. या बदलाचा परिणाम अर्थशास्त्रज्ञांनी मोजला. वडिलांच्या कमाईवर मुलाची कमाई किती अवलंबून आहे, याचा निर्देशांक सुधारणेमुळे सुमारे २३ टक्क्यांनी घटला. गरिबाचा मुलगा गरीबच राहण्याची साखळी शाळेने तेवढी सैल केली.

आपण कुठे आहोत?

भारतात ही कल्पना नवी नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी सरकारला हाच प्रश्न विचारला होता. कर रयत भरते आणि तो पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो. वरच्यांना शिकवले की ज्ञान खाली झिरपेल, या धोरणातून खाली काही आले नाही, हे त्यांनी सांगितले आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) परिसरातील सर्व मुलांसाठी समान शाळा पद्धतीची शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे महाराष्ट्रातले. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने ती शिफारस मान्य केली. १९८६ च्या धोरणाने पुन्हा तिचा उल्लेख केला आणि त्याच धोरणात नवोदय विद्यालयांची योजनाही आली. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालये १९८५-८६ मध्ये उघडली. एक हरियाणातील झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला. या शाळा इतर शाळांना दिशा दाखवतील, असे सांगितले गेले. वरून खाली झिरपण्याचाच तो सिद्धांत होता. १९९० मध्ये आचार्य राममूर्ती समितीने यावर गंभीर प्रश्न उपस्थित केले, पण धोरण बदलले नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलांची चाळणी घेणे दंडनीय आहे. मात्र याच कायद्यात नवोदय, केंद्रीय विद्यालय, सैनिकी शाळा यांचा ‘विशिष्ट प्रवर्ग’ वेगळा ठेवला आहे. खासगी शाळांतील २५ टक्के जागांचे काय झाले, तेही आपण पाहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित खासगी शाळांना या जागांतून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली.

आणि सर्वात मोठी फट म्हणजे हा हक्क चौदाव्या वर्षी, आठवीला संपतो. संविधान सभेत या चौदा वर्षांच्या मर्यादेवर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी तिचे कारण स्पष्ट केले होते. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात कामाला लावता येणार नाही, तर त्या वयापर्यंत ते मूल शाळेत असलेच पाहिजे. ती किमान मर्यादा होती. पंचाहत्तर वर्षांनंतरही आपण तिथेच थांबलो आहोत. इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळा कोणती, यावर भांडण झाले. आपल्याकडे नववी-दहावीचा हक्कच अजून कायद्यात नाही.

मागणी काय असावी

नवोदय बंद करा, असे इथे म्हणायचे नाही. ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण, राहण्या-जेवणाची सोय. यामुळे आपल्या कितीतरी मुलामुलींचे आयुष्य बदलले आहे. गावातली शाळा तशीच ठेवून नवोदय काढून घेतली, तर श्रीमंतांचे काही जाणार नाही, फक्त आपले जाईल. उत्तर आयर्लंडने तेही शिकवले आहे: पर्याय उभा न करता परीक्षा हटवली, तर निवड दुसऱ्या वाटेने परत येते.

पण चळवळीची सारी शक्ती ८० जागांमधला आपला वाटा मिळवण्यात खर्च होणे बरोबर नाही. निवडीतला वाटा आणि निवडीशिवायचा हक्क, दोन्ही मागावे लागतील. त्यासाठी तीन गोष्टी लगेच हाती घेता येतात.

एक, शिक्षण हक्क बारावीपर्यंत वाढवण्याची मागणी प्रत्येक पक्षाच्या उमेदवारासमोर ठेवावी. दोन, रिक्त शिक्षकपदे भरताना फिनलंडसारखा क्रम लावायला सांगावे: दुर्गम तालुके आणि वस्त्या आधी, शहरे नंतर. तीन, शाळा व्यवस्थापन समितीत बसावे. कायद्याच्या कलम २१ नुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. अनेक गावांत ही समिती कागदावरच असते, कारण आपण तिथे जात नाही. शिक्षक किती, तुकड्या कशा पाडल्या, मागच्या बाकावरची मुले कोणाची, हे विचारण्याचा अधिकार तिथे मिळतो.

विहारांमध्ये नवोदयचे मोफत वर्ग चालतात, ते चालू राहावेत. फक्त त्या वर्गात ‘निवड होण्यासारखी’ चार-पाच मुले वेगळी काढू नयेत, पाचवीचे प्रत्येक मूल बसवावे. निकालानंतर ज्यांचे नाव यादीत नाही, त्यांचा वर्ग जूनमध्ये पुन्हा भरावा. दहा वर्षांच्या मुलाला ‘तू नापास’ असे व्यवस्था सांगत असेल, तर निदान आपण त्यावर शिक्कामोर्तब करू नये.